कुठून बोलायलाव?

आमच्या धाराशिवच्या घरी बैठकीतल्या टेबलावर दोन फोन आहेत. एक तांब्याच्या तारेचा, दुसरा इंटरनेटचा. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या साडूंसारखे दिसतात. तोंडावर काही नाही, पण मनातून एकमेकांचा पगार मोजत असावेत.

थोरला १९९१ साली आला. अनामत भरून अण्णांनी इतकी वर्षं वाट पाहिली होती, की तो आला तेव्हा बारसं केल्यासारखे पेढे वाटले. नंबर पाच आकडी होता, पुढं कधीतरी त्याच्याआधी एक २ येऊन चिकटला. नंतर जिल्ह्याचंच नाव बदललं, पण ०२४७२ जिथल्या तिथं राहिला. लँडलाईनवरून मोबाईल लावायचा तर आधी शून्य दाबायचं, हा नियम जानेवारी २०२१ मध्ये आला तेव्हा अण्णा खूश झाले. म्हणाले, "बघ, मोबाईलची किंमत काय ते सरकारनंच सांगितलं."

या थोरल्याचा मान घरात का आहे, ते सांगायला १९९३ मध्ये जावं लागेल. ३० सप्टेंबरची पहाट. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक नुकते कुठं झोपले होते, आणि जमीन हलली. किल्लारी-सास्तूरचं काय झालंय ते आम्हाला अजून कळलं नव्हतं. आम्ही सगळे रस्त्यावर, आणि रिकाम्या घरात फोन वाजतोय. आत जाऊन उचलायची कुणाची छाती होईना. शेवटी अण्णा गेले, वायर पुरेल तिथपर्यंत फोन ओढत आणला आणि उजाडेपर्यंत उंबऱ्यात बसून "आहोत, आहोत" एवढंच सांगत राहिले. तेव्हापासून त्या फोनला ते निर्जीव वस्तू मानत नाहीत.

धाकटा माझ्या हौसेनं आला. इंटरनेटबरोबर फोन फुकट, आवाज स्वच्छ. "आता जुना काढून टाकू," असं मी म्हणालो. अण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांनी मे महिन्याची वाट पाहिली.

मे महिन्यात दुपारी लाईट गेली. भिंतीवरचा इंटरनेटचा पांढरा डबा मेला, त्याच्यामागं धाकटा फोन मेला, माझा मोबाईल दोन टक्क्यांवर धापा टाकत होता. अण्णांनी थोरल्याचा रिसीव्हर उचलून मुकाट्यानं माझ्या कानाला लावला. आत डायलटोन गुणगुणत होता.

"ह्याला ४८ व्होल्ट एक्स्चेंजच्या बॅटरीतून येतात," अण्णा म्हणाले. "हा पाहुणा आपली भाकरी बांधून येतो. तुझा पाहुणा आपल्याच ताटात जेवतो."

मी फायबरची बाजू मांडायला गेलो आणि स्वतःच अडकलो. ती तार काचेची, तिच्यातून करंट जात नाही, उजेड जातो. म्हणजे जिच्यातून नुसती लाईटच वाहते, ती वायर लाईट गेल्यावर निकामी! यापुढं युक्तिवाद सुचेना. बिलं दोन्ही मीच भरतो, हे जाता जाता.

पण गर्वाचं घर खाली. पावसाळ्यात रस्ता खोदणाऱ्या जेसीबीनं थोरल्याची केबल तोडली आणि नेमकी त्याच संध्याकाळी लाईट गेली. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसे आम्ही दोन फोनांचे मालक शेजाऱ्याच्या मोबाईलवरून बोलत होतो.

केबल जोडली गेल्यावर अण्णांनी चाचणी सुरू केली. रोज सकाळी आठला ते थोरल्यावरून धाकट्याला फोन लावतात. टेबलाच्या त्या बाजूला आई बसलेली असते, ती उचलते.

"हॅलो, कोण बोलायलाव?"

"मी."

"कुठून?"

"इथूनच."

हा आवाज एक्स्चेंजला जातो, तिथून कुठल्याशा शहरातल्या कॉम्प्युटरांकडे, तिथं त्याचे तुकडे होतात आणि ते तुकडे पुन्हा जुळत दीड हातावर परत येतात. त्यामुळं आईचं "हॅलो" अण्णांना आधी समोरून ऐकू येतं, मग कानातून. एरवी आयुष्यभर त्यांनी तिचं एकदाही नीट ऐकलेलं नाही. आता दोनदा ऐकतात.

गेल्या महिन्यात घरात अबोला होता. अण्णांना साखर आहे आणि आमच्या गावचे गुलाबजाम प्रसिद्ध आहेत. एवढं सांगितलं की पुरे. आईनं दोन दिवस तोंड उघडलं नव्हतं. तरी तिसऱ्या दिवशी आठला धाकटा वाजला. चाचणी म्हणजे चाचणी. तिनं उचलला.

"हॅलो. चालू आहे का?" अण्णा.

"फोन चालू आहे. परवा किती खाल्ले?"

"हॅलो? हॅलो? आवाज तुटायलाय."

आईनं रिसीव्हर शांतपणे टेबलावर ठेवला आणि खुर्ची अण्णांकडं वळवली.

"आता येतोय का?"