कॅप्टन, ढग आलाय!

अंतराळयानाच्या कॅप्टनची परीक्षा अंतराळात घेण्यात काही अर्थ नाही. तिथे पटकथालेखक त्याच्या बाजूने असतो. खरी परीक्षा घ्यायची तर त्याला ऐन फाल्गुनात आमच्या हिंगोली जिल्ह्यात आणावं आणि हळदीवर उभं करावं.

वसमत-औंढ्याकडच्या वाचकांना पुढचं सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. नऊ महिने जमिनीत राहिलेली हळद खणून काढायची, कुकरच्या पिंपांत वाफेवर शिजवायची आणि मग पंधरवडाभर उन्हात वाळवायची. पिंप ओतलं की वाफेत समोरचा माणूस दिसत नाही. त्या वाफेतून मुकादम एक कंद उचलतो, या हातातून त्या हातात उडवत जरा निववतो आणि बोटाने दाबून बघतो. बोट रुतलं की शिजली. पाच क्विंटल ओल्या हळदीची वाळून जेमतेम एक क्विंटल होते, म्हणून शेतकऱ्याचा अर्धा जीव त्या वाळवणात असतो. आणि नेमका अशा वेळी दुपारी चारला कोपऱ्यात काळा ढग दिसतो. ताडपत्र्या कमी, माणसं त्याहून कमी, आणि आहेत त्यांतली निम्मी तंबाखू मळतायत. हळद भिजली की रंग गेला, रंग गेला की यार्डात भाव गेला. हां, आता बोला, कॅप्टन!

परीक्षक म्हणून मी आमच्या काकांना नेमलं. त्यांनी अंतराळयानांची एकही मालिका किंवा सिनेमा पाहिलेला नाही, त्यामुळे निकाल निःपक्षपाती लागणार होता.

पहिला उमेदवार 'स्टार ट्रेक'चा जेम्स कर्क, पडद्यावर आला १९६६ साली. याची रीत अशी, की कुठलाही अनोळखी ग्रह दिसला की हा जातीने खाली उतरणार. सोबत दोन नंबरचा अधिकारी स्पॉक आणि जहाजाचा डॉक्टरही नेणार.

"अन् जहाज कोणाच्या भरवशावर?" काकांनी विचारलं.

"इंजिनिअरच्या."

"मग इंजिन कोण बघतंय?"

याचं उत्तर त्या मालिकेला तीन वर्षांत देता आलं नाही, मी काय देणार! पण कर्क ढगाला भिणार नाही. ताडपत्री खांद्यावर टाकून तो स्वतः धावेल, धावताना त्याचा शर्ट फाटेल, हळद वाचेल आणि लाल शर्ट घातलेल्या एका गड्यावर वीज पडेल. त्या मालिकेत कर्कबरोबर उतरलेला लाल शर्टवाला शिपाई परत येईलच असं नसतं. "असल्या माणसाकडं उद्या कामाला कोण येईल?" काका म्हणाले. मजूर मिळवण्यासाठी ज्याने चार गावं पालथी घातली आहेत, त्याचा हा प्रश्न होता. मी घाईने कर्कची हुशारी सांगायला गेलो. अकादमीत एक परीक्षा होती, कोणीच पास होऊ नये अशी रचलेली. कर्कने गुपचूप संगणकाचा प्रोग्रॅम बदलला आणि पास झाला, वर शाबासकीही मिळवली. "आमच्या सेंटरवर असं केलं असतं तर भरारी पथकानं उचलला असता," काका म्हणाले. कर्क नापास.

दुसरे 'स्टार ट्रेक'च्याच पुढच्या मालिकेतले जाँ-ल्यूक पिकार्ड, १९८७ चे. टक्कल, भारदस्त आवाज, आणि चहा 'अर्ल ग्रे'च लागतो. ढग दिसताच पिकार्डसाहेब बैठक बोलावतील. प्रत्येकाचं म्हणणं नीट ऐकून घेतील. जहाजावरचा यंत्रमानव पावसाची टक्केवारी सांगेल, समुपदेशक बाई डोळे मिटून "मला या ढगात फार वेदना जाणवतेय" म्हणतील, मग साहेब गंभीर चेहऱ्याने "तसंच करा" असा हुकूम देतील. तोवर पाऊस पडून ऊन पडलेलं असेल. काकांना मात्र माणूस आवडला. कोणाला टाकून बोलत नाही, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. "याला बाजार समितीचा सभापती करावा. हळदीवर नको."

'स्टार वॉर्स'चा हान सोलो आम्ही उंबऱ्यावरूनच परत पाठवला. अंगावर सावकार जब्बाची बाकी, आणि ऐन वेळी यान सुरू होत नाही. उचल घेऊन गायब होणारी आणि ट्रॅक्टरला लाथा घालणारी माणसं आमच्याकडे बाहेरून आणायची गरज नाही. 'वॉल-ई' सिनेमातला कॅप्टनही तसाच. त्याचं सगळं जहाज ऑटोपायलट चालवतो. तो बिचारा खुर्चीत पडल्या पडल्या संगणकाला "ढग म्हणजे काय?" असं विचारत बसेल.

राहिल्या कॅथरीन जेनवे, 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर'च्या कॅप्टन, साल १९९५. यांचं जहाज घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर फेकलं गेलं. परतीचा प्रवास पंच्याहत्तर वर्षांचा. त्यात ज्या बंडखोरांना पकडायला निघाल्या, त्यांनाच जहाजावर घ्यायची वेळ आली. बाईंनी त्यांच्या म्होरक्याला आपल्या हाताखाली दोन नंबरचा केला आणि गाडा हाकला. खाण्यापिण्याचं रेशन लावलं आणि स्वतःची कॉफीही त्यातूनच घेतली. भावकीतले दोन तट एका पंगतीला बसवणं काय असतं, हे ज्याने लग्नघरात पाहिलंय त्यालाच यातली करामत कळेल. काका गप्प झाले. आतून काकू म्हणाल्या, "त्या बाईनं सकाळीच ताडपत्र्या मोजून ठेवल्या असत्या. ढग काही चारला येत नाही, तुम्हाला चारला दिसतो."

परीक्षा तिथेच संपली.

"पण हिंगोलीवाल्यांना या विषयात बोलायचा अधिकार काय?" असं कोणी विचारेल, म्हणून सांगून ठेवतो. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, आणि कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर त्याची थरथर, म्हणजे गुरुत्वलहरी, इथे टिपायची. २०२४ साली काही शास्त्रज्ञांनी तर अंतराळयानाचं वार्प इंजिन बिघडून फुटलं तर गुरुत्वलहरी कशा निघतील, याचंही गणित मांडलं. पण त्या लहरींची पट्टी इतकी वरची, की लायगोसारख्या यंत्राला त्या ऐकूच येणार नाहीत. म्हणजे उद्या कर्कचं यान औंढ्यावर फुटलं तरी दुधाळ्याला कळायचं नाही, गावात कळेल.

तेव्हा समस्त कॅप्टन मंडळींना विनंती, की आधी कळवून यावं. दुधाळ्याजवळ यान उतरवू नये, त्या यंत्राला ट्रॅक्टरचा हादराही सोसणार नाही. फाल्गुनात येणार असाल तर जेनवेबाईंना पुढे धाडा आणि येताना माणसं आणा. लाल शर्टवाली असली तरी चालतील, आम्ही त्यांना जपू.