सातच्या रांगेतले शहाणे

“मॅडम, तुमी तं इलेक्शन ड्युटीवाल्या. मले सांगा, सकाळी सकाळी मत टाकाले जाणाऱ्यानं काय पाप केलं हाय जी?”

गल्लीतून बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी बाई, मतदारयादी घेऊन नुकत्याच गेल्या होत्या. त्यांची पाठ वळते न वळते तोच शेजारच्या काकी परसातल्या सांदवाडीच्या कुंपणाला येऊन टेकल्या. म्हणजे आता 2018 निघणार, हे मी ओळखलं. नाना पटोलेंनी खासदारकी सोडली आणि भंडारा-गोंदियाची पोटनिवडणूक लागली, तीही 28 मेला, ऐन नवतप्याच्या उन्हात!

“माही बहीण गोंदियाकडच्या खेड्यात राहते. ऊन चढायच्या आत मत टाकू म्हणून साडेसहालेच जाऊन उभी रायली. मशीन चाललं घडीभर, मंग बंद. साहेब म्हणे, थांबा. किती थांबाचं? मजुरीवाल्या बाया निघून गेल्या. मुकादम थांबते काय?”

कायद्यानं मतदानाच्या दिवशी रोजंदारीवाल्यालाही भरपगारी सुट्टी आहे, असं मी म्हणून बसले. काकींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

बिघाड मुख्यतः व्हीव्हीपॅटचा होता. मत पडलं की काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते, ते यंत्र. त्यातल्या सेन्सरला थेट उजेड सोसत नाही आणि उष्णतेचाही त्रास होतो, असं निवडणूक आयोगानंच नंतर सांगितलं. आता शाळेच्या खोलीत उजेड बरा म्हणून टेबल खिडकीशी सरकवलं जातं, आणि तिथंच घोळ होतो. त्याच दिवशी उत्तर प्रदेशातल्या कैरानातही हेच झालं. तिथं 73 केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं, आपल्याकडं 49 केंद्रांवर. गोंदियाचे जिल्हाधिकारी अभिमन्यू काळे यांची बदली झाली, ती वेगळीच.

“मंग जिनं पयलेच मत टाकलं, तिचं?”

“नुसतं यंत्र बदललं तर आधीची मतं जुन्या यंत्रात तशीच राहतात, मोजलीही जातात. पण फेरमतदान लागलं की त्या केंद्रावरची सगळी मतं रद्द.”

“तेच तं! 30 तारखेले बहीण पुन्हा गेली. पयली शाई होती ना, म्हणून या वेळी मधल्या बोटाले लावली. दोन बोटं काळी घेऊन लग्नात आली. लोक विचारत, बाई, दोनदा मत टाकलं काय?” काकी पोट धरून हसल्या. “पण शेजारची सून काही दुसऱ्यांदा गेली नाही. म्हणे, एका मतासाठी किती रोज्या बुडवू?”

खरी गोम इथंच आहे. यंत्र नऊला सुधारलं की अकराच्या माणसाला काही घडल्याचं कळतही नाही. चारला डुलत डुलत येणारा पाच मिनिटांत मोकळा होतो. संध्याकाळी सहाला रांगेत असलेल्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटतात, त्यांचा हक्क शाबूत. सकाळी कंटाळून परत गेलेल्याला मात्र कोणती चिठ्ठी? टक्का 2014पेक्षा बराच घसरला, त्याचा दोष आपण उन्हाला देऊन मोकळे झालो. 31 मेला निकाल लागला, आपल्या तुमसरचे माजी आमदार मधुकर कुकडे निवडून आले आणि बिघाडाची चर्चा मिरवणुकीत विरली.

“तुमी लोक आधी मशीन पाहत नाही काय जी?”

पाहतो ना. मतदानाआधी उमेदवारांच्या एजंटांसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, होतो, किमान 50 मतं. ती मोजायची, पुसायची, मग सील. पण पहाटे चारला उठलेला, रात्री शाळेच्या फरशीवर झोपलेला केंद्राध्यक्ष पुसायचंच विसरला, तर खऱ्या मतांत खोटी मिसळतात. मोजणीच्या दिवशी ते यंत्र बाजूला काढून ठेवतात. जिंकणाऱ्याची आघाडी मोठी असली तर ते उघडायची गरजच पडत नाही. मी ड्युटीवर असताना पुसल्याची खात्री तीनदा करायचे. सोबतचे वैतागायचे, वैतागू देत.

“अन् माह्या नावावर कोणी आधीच मत टाकून गेलं तं?”

“तर अडून बसायचं, काकी. घरी नाही यायचं. ओळख पटली की कागदी मतपत्रिका देतात. प्रदत्त मत म्हणतात त्याला.”

“ते मोजते?”

“नेहमीच्या मोजणीत नाही. लिफाफ्यात बंद राहतं. प्रकरण कोर्टात गेलं तरच कामी येतं.”

काकी क्षणभर गप्प झाल्या. मग घराकडं तोंड करून सुनेला हाक मारली, “अवं, ते बीएलओ बाई अजून कोपऱ्यावर असन, पाय जाऊन! माह्यं नाव यादीत कोणत्या खोलीत हाय ते विचारून घे. अन् फोटो माहाच हाय का तेही पाय!”