फी वाजवी असण्याची लक्षणे

छोट्या धंद्याच्या हिशेबनिसाची फी दोन प्रकारची असते : शेजाऱ्याच्या सीएपेक्षा जास्त आणि शेजाऱ्याच्या सीएपेक्षा कमी. पहिल्या प्रकारात दुकानदाराला आपण लुबाडले जात असल्याची खात्री पटते. दुसऱ्या प्रकारात आपला सीए काहीतरी भरायचे विसरतो आहे, या शंकेने त्याची झोप उडते. दोघांची फी सारखीच निघाल्याचे उदाहरण गुरुग्राममध्ये सापडणे अवघड आहे, कारण खरा आकडा कोणी सांगत नाही. कमी सांगितला तर सांगणारा हुशार ठरतो, जास्त सांगितला तर त्याची उलाढाल मोठी वाटते. त्यामुळे समोर उधारी मागणारा आहे की सोयरीक जुळवणारा, हे पाहून आकडा ठरतो.

दरफलक का नसतो, याचे उत्तर १९४९च्या सनदी लेखापाल कायद्यात आहे. गिऱ्हाईक ओढून आणणे आणि सेवेची जाहिरात करणे यांवर या कायद्याने निर्बंध घातले. इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया ही संस्था किमान फीची एक तालिका प्रसिद्ध करते. तीत मोठ्या शहरांचा वर्ग वेगळा, बाकीच्यांचा वेगळा, आणि आकड्यापुढे ‘व त्याहून अधिक’ असे शब्द. तालिका केवळ शिफारशीची आहे. ती सीएने भिंतीवर लावलेली दिसत नाही, पण घासाघीस सुरू झाली की त्याला ती अचूक आठवते. दुकानदाराला मग कळते की आपल्याला गेली काही वर्षे सवलत मिळत होती.

गुरुग्रामचा आणखी एक प्रश्न दृष्टीचा आहे. जगातल्या चार सर्वांत मोठ्या लेखापरीक्षण कंपन्यांची कार्यालये याच शहरात, काचेच्या मनोऱ्यांत आहेत. उद्योग विहारमध्ये कुरियरची एजन्सी चालवणारा माणूस रोज त्यांच्याखालून जातो आणि हिशेबाचे काम फार महागडे असते असा समज करून घेतो. संध्याकाळी सदर बाजारच्या गल्लीत, फोटोकॉपीच्या दुकानावरच्या माळ्यावर बसणाऱ्या आपल्या ‘सीए साहबां’ना भेटला की त्याचा समज उलटा होतो. दोन्ही समज इमारतीवरून झालेले असतात. इमारतीचे भाडे फीमध्ये असते हे खरेच, पण विवरणपत्र दोन्हीकडून एकाच सरकारी पोर्टलवर जाते आणि तारखेच्या आदल्या रात्री ते पोर्टल दोघांनाही सारखेच रखडवते.

फीचे मापन करताना पहिली पायरी म्हणजे ती घेणारा कोण आहे हे ओळखणे. सीए साहब म्हणवून घेणाऱ्यांत सनदी लेखापाल असतात, विक्रीकराच्या काळापासून कचेरीबाहेर बसणारे कर-वकील असतात, जीएसटी प्रॅक्टिशनर असतात आणि यांपैकी एकाकडे दोन वर्षे टॅली शिकून बाहेर पडलेला मुलगाही असतो. जीएसटीचे विवरणपत्र यांपैकी कोणीही भरून देऊ शकतो. दुकानदार स्वतःसुद्धा भरू शकतो, पण ही शक्यता दोन्ही पक्ष एकमेकांपासून लपवून ठेवतात. सीएची सही खऱ्या अर्थाने लागते ती ऑडिटला आणि प्रमाणपत्रांना. २०१९पासून अशा प्रत्येक सहीबरोबर यूडीआयएन नावाचा १८ अंकी क्रमांक द्यावा लागतो आणि तो संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. सहीचे पैसे घेतले आणि क्रमांक नसला, तर फी वाजवी आहे का हा प्रश्न मागे पडतो आणि सही कोणाची आहे हा प्रश्न पुढे येतो.

ऑडिटबाबत या शहरात मोठा गैरसमज आहे. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला वर्षाची उलाढाल १ कोटीच्या वर गेल्यावर करलेखापरीक्षण लागते. रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर ही मर्यादा १० कोटी आहे. एलएलपीला उलाढाल ४० लाखांवर किंवा भागीदारांचे भांडवल २५ लाखांवर गेल्यावर ऑडिट लागते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला मात्र एक रुपयाची विक्री नसली तरी दरवर्षी ते करावेच लागते. गुरुग्राममध्ये चहाच्या टपरीवर सुचलेली कल्पनासुद्धा दुसऱ्या दिवशी प्रायव्हेट लिमिटेड होते, कारण तसे केल्याने व्हिजिटिंग कार्डावर ‘फाउंडर’ असे छापता येते. वर्षअखेरीस फाउंडर विचारतो की विक्रीच नाही तर ऑडिट कशाचे. ऑडिट त्या कार्डाचे असते. त्याची फी त्याने कंपनी काढण्याआधी विचारायला हवी होती. पण तेव्हा तो लोगोचा रंग ठरवत होता.

दुसरी पायरी म्हणजे काम मोजणे. समजा, सेक्टर १४च्या बाजारात मिसळ आणि वडापाव विकणारे छोटे दुकान आहे, वर्षाची उलाढाल ६० लाख, आणि सीएची फी महिना ४,००० रुपये. वर्षाचे झाले ४८,०००. जीएसटीची दोन विवरणपत्रे दरमहा भरायची म्हटली तर वर्षाला २४ होतात आणि एकाला २,००० रुपये पडतात. पण १ जानेवारी २०२१पासून ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तिमाही विवरणपत्राची सोय आहे. ती घेतली की विवरणपत्रे उरतात ८, सोबत तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची चलने, म्हणजे वर्षाला आणखी ८. आता एक विवरणपत्र ६,००० रुपयांना पडते. फी मासिकच राहते, काम तिमाही होते. हा बदल दुकानदाराला कळवण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही.

याच दुकानासाठी ३-बी हे कराचे विवरणपत्र उशिरा भरण्याचा दंड दिवसाला ५० रुपये आणि जास्तीत जास्त २,००० रुपये आहे. भरण्याचा खर्च ६,००० आणि न भरण्याचा कमाल दंड २,००० अशी तुलना करून काही दुकानदारांना आर्थिक स्वातंत्र्याचा साक्षात्कार होतो. त्यात थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज आणि पुढे नोंदणी रद्द होण्याची नोटीस धरलेली नसते. नोटिशीला उत्तर देण्याची फी वेगळी असते, आणि ती ठरवताना घासाघीस करण्याच्या मनःस्थितीत फक्त एकच पक्ष असतो.

मिसळवाल्याच्या बिलात आणखी एक गंमत दडलेली आहे. ४,०००वर १८ टक्के जीएसटी धरून सीएचे बिल ४,७२० होते. हार्डवेअरच्या व्यापाऱ्याला हे ७२० रुपये आपल्या करातून वजा करून मिळतात. साध्या उपाहारगृहाला ५ टक्क्यांचा दर आहे, पण खरेदीवरच्या कराचे क्रेडिट नाही. त्याचे ७२० गेले ते गेलेच. म्हणजे एकाच सीएची एकच फी खांडसा रोडवरच्या हार्डवेअरवाल्याला ४,००० आणि मिसळवाल्याला ४,७२० पडते. काम मात्र नेमके उलट आहे. हार्डवेअरवाल्याची दर महिन्याला शेकडो खरेदी बिले २-बी नावाच्या तक्त्याशी जुळवावी लागतात, कोणा पुरवठादाराने बिल चढवले नाही ते शोधावे लागते आणि मग त्या पुरवठादाराला फोनवर शोधावे लागते. मिसळवाल्याला क्रेडिटच नाही, तर जुळवायचे काय? घरपोच ॲपवरून जाणाऱ्या प्लेटचा करसुद्धा १ जानेवारी २०२२पासून ते ॲपच भरते. दुकानाने फक्त आकडा दाखवायचा. असे असूनही फी सारखीच, कारण फी ठरवताना सीएने उलाढाल विचारली होती, बिलांची संख्या विचारली नव्हती. दुकानदारानेही सांगितली नाही, कारण त्याला ती ठाऊक नव्हती.

बिलांची संख्या ठाऊक नसणे ही बाब फीमध्ये धरावीच लागते. वर्षभराचा हिशेब प्लास्टिकच्या पिशवीत, बँकेचे स्टेटमेंट पासवर्डसह पण चुकीच्या पासवर्डसह, आणि खरेदी बिलांचे तिरके फोटो व्हॉट्सॲपवर, तेही १० तारखेच्या रात्री साडेअकराला (मासिक विक्रीचे विवरणपत्र ११ला, कराचे २०ला, तिमाहीवाल्यांसाठी हरियाणात कराची तारीख २४ आहे, पण सवय सुटत नाही). एका फोटोत बिलापेक्षा टेबलावरचा चहाचा कप स्पष्ट दिसतो. हे सारे उलगडणाऱ्या मुलाचा पगार फीमध्ये असतो. व्यवस्थित वही ठेवणारा दुकानदार आणि पिशवीवाला यांना एकच फी लावणारा सीए पहिल्याकडून दुसऱ्याची वर्गणी गोळा करत असतो.

गुरुग्राममधल्या फीला भूगोलही आहे. जीएसटीची नोंदणी राज्यवार असते : हरियाणा ०६, दिल्ली ०७, उत्तर प्रदेश ०९. महाराष्ट्रात मुंबईहून नागपूरला गेले तरी २७ सुटत नाही. इथे एक दुकान गुरुग्रामला, एक द्वारकेला आणि एक नोएडाला असले, तर मेट्रोच्या एका कार्डावर तिन्ही दुकाने पाहता येतात. नोंदण्या मात्र तीन, विवरणपत्रांचे संच तीन आणि फीही तिप्पट. उद्योग विहारच्या गाळ्यातून कापसहेडा सीमेपलीकडे पाठवलेला माल आंतरराज्य व्यापार ठरतो, त्याला वेगळा कर लागतो आणि किंमत ५०,०००च्या वर असेल तर ई-वे बिल लागते. टेम्पो सिग्नलला जेवढा थांबतो तेवढ्यात तो दुसऱ्या राज्यात पोचलेला असतो. तेव्हा तिप्पट फीला लगेच नावे ठेवू नयेत. आधी नकाशा पाहावा.

पुण्याहून आलेल्या व्यावसायिकाने नकाशा दुसऱ्या कारणासाठीही पाहावा. महाराष्ट्रात व्यवसाय कर आहे आणि तो भरायची त्याला सवय आहे. हरियाणात तो नाही. बिलात ‘पी.टी.’ या नावाखाली रक्कम दिसली, तर तो कर नसून प्रवेशशुल्क समजावे.

बिलातल्या बाकीच्या ओळी वाचण्याची हीच पद्धत. जीएसटी नोंदणीला सरकारी शुल्क शून्य आहे. उद्यम नोंदणीला शून्य आहे. ‘सरकारी फी’ अशी ओळ या दोन कामांपुढे आली तर सरकारला ती कधी मिळाली हे विचारावे. (उद्यम नोंदणी १ जुलै २०२०ला सुरू झाली, जीएसटी १ जुलै २०१७ला, आणि सीएंच्या संस्थेची स्थापना १ जुलै १९४९ची. दुकानदाराने या तारखेला नवीन काही सुरू करू नये.) ‘डिपार्टमेंट खर्च’ या ओळीला पावती नसते, ती तोंडी असते आणि तोंडीच वाढते. ‘रिफंड मिळाला तर १० टक्के’ ही बोली मात्र सहज ओळखता येते : निकालावर अवलंबून असलेली फी घेणे सीएसाठी, नियमात सांगितलेले थोडे अपवाद सोडले, तर व्यावसायिक गैरवर्तन आहे. ती बोली करणारा एक तर सीए नाही किंवा आपले नियम विसरलेला सीए आहे.

१ एप्रिल २०२६पासून १९६१च्या प्राप्तिकर कायद्याची जागा २०२५च्या कायद्याने घेतली. ८१९ कलमांची ५३६ झाली. फी त्या प्रमाणात उतरेल अशी आशा करणाऱ्या दुकानदाराला समजावण्यात येते की जुनी कलमे विसरण्यालाही वेळ लागतो. व्यावसायिक फीवरील १० टक्के टीडीएसची वार्षिक मर्यादा त्याआधीच, १ एप्रिल २०२५पासून, ३०,०००वरून ५०,००० झाली होती. ४,००० गुणिले १२ हा गुणाकार तिच्या आत बसतो. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते आणि बिल बनवणारा त्यांतला एक असतो.

एवढे सगळे तपासून फी अवाजवी ठरली, तर उरतो सीए बदलण्याचा मार्ग. ऑडिटचे काम असेल तर नव्या सीएने जुन्याला आधी लेखी कळवले पाहिजे, आणि ऑडिटची वाद नसलेली फी थकलेली असेल तर त्याने ते काम घेऊच नये असा नियम आहे. त्यामुळे जास्त वाटणारी फी आधी पूर्ण चुकवावी लागते. नुसत्या विवरणपत्रांचे काम असेल तर अशी अट नाही. तिथे अडचण वेगळीच निघते. नोंदणीच्या दिवशी पोर्टलवर मोबाइल आणि ई-मेल हिशेबनिसाने स्वतःचाच टाकलेला असतो. पासवर्ड त्याच्याकडे, ओटीपी त्याच्याकडे, डिजिटल सहीचे यूएसबी त्याच्या टेबलाच्या खणात. दुकान दुकानदाराचे, त्याची किल्ली सदर बाजारच्या माळ्यावर. यावर तोडगा आहे : धंद्याच्या कागदपत्रांसह आपल्या हद्दीतल्या जीएसटी अधिकाऱ्याकडे अर्ज केला की तो मोबाइल आणि ई-मेल बदलून देतो. हा अर्ज भरून घेण्यासाठी दुकानदार नव्या सीएकडे जातो, आणि नवा सीए त्यात आपला मोबाइल नंबर लिहितो.