नाकातलं सोनं

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. जंतूंवर व्याख्यान झोडण्यापेक्षा सरळ हातात स्वॅब देते आणि सांगते, "आपापल्या नाकात फिरवा आणि प्लेटवर रेघोट्या ओढा." वर्गभर 'ईऽऽ' उमटतं. जन्मभर दुसऱ्यांची बेडपॅन उचलायला निघालेल्या या पोरांना स्वतःच्याच नाकाची किळस वाटावी, याची मला दरवर्षी गंमत वाटते.

प्लेटा रात्रभर ३७ अंशांवर इन्क्युबेटरमध्ये मुक्कामाला. दुसऱ्या दिवशी एरवी उशिरा उगवणारेही माझ्याआधी दारात. ज्याच्या प्लेटमधलं लालसर मॅनिटॉल सॉल्ट अगार पिवळं पडलं, त्याच्या नाकात बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस नांदतोय. निरोगी माणसांतही साधारण चारातल्या एकाच्या नाकात हा बिनभाड्याचा भाडेकरू गुण्यागोविंदाने राहतो. नाकातून बोटावर आणि बोटावरून ऑपरेशनच्या जखमेत उतरला की मात्र त्याचे खरे रंग दिसतात. साध्या अगारवर त्याच्या वसाहती सोनेरी दिसतात, त्यामुळे वर्गात नथीचे विनोद सुरू होतात.

"मॅडम, हे घरी सांगावं लागेल का? माझं लग्न ठरतंय," एक मुलगी रडवेली होऊन विचारते.

"काही नको. सासरच्याही एखाद्या नाकात निघेल," मी म्हणते. मागच्या बाकावरचा एकजण तेवढ्यात यावर सिक लीव्ह मिळते का, याची चौकशी करून घेतो. मिळत नाही. नाकात जंतू असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. नाक चाचपलेला हात तसाच ड्रेसिंगला लावायचा नाही, एवढंच पथ्य.

खरी करमणूक हात धुण्याच्या तासाला. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 'हॅपी बर्थडे' दोनदा म्हणून हात धुवा, असं पोरं कुठेतरी ऐकून आलेली असतात. पण त्यात जेमतेम २० सेकंद सरतात. म्हणजे आमच्या बेसिनपाशी दर वेळी किमान चार वाढदिवस व्हायला हवेत. आमची पोरं केक कापण्यापूर्वीच नळ बंद करतात. आणि हात पुसायचे कशाला? तर खिळ्याला लटकलेल्या त्या सार्वजनिक नॅपकिनला. त्याचा मूळ रंग कोणता, यावर स्टाफमध्ये दोन तट आहेत. कोरड्या हातांपेक्षा ओल्या हातांवरून जंतू जास्त सहज पसरतात हे खरं, पण त्या नॅपकिनपेक्षा हवेत हात झटकत उभं राहिलेलं बरं.

शिकाऊंची ही कीर्ती जुनी आहे. १८४७ साली व्हिएन्नात वैद्यकीय विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींच्या वॉर्डात जात. शेजारच्या सुईणींच्या वॉर्डापेक्षा तिथे कितीतरी जास्त बायका दगावत. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात बुडवायला लावले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेला मृत्युदर जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आला. यावर त्याचा सत्कार व्हायचा, तर ज्येष्ठ मंडळी रुसून बसली. सभ्य गृहस्थांचे हात घाण कसे असतील?

ज्येष्ठांचा हा रुसवा अजून उतरलेला नाही. तपासनीस वही घेऊन उभा असला की शिकाऊ पोरं मन लावून हात धुतात. पण राउंडला मोठे सर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे तेच हात घेऊन निघाले, तर पहिल्या वर्षाच्या मुलीने त्यांना अडवायचं कसं? आमच्या एका चलाख पोरीने यावर तोड काढली आहे. प्रत्येक खाटेपाशी ती सॅनिटायझरची बाटली घेऊन अगदी सरांच्या कोपराला लागून उभी राहते. बोलण्याच्या नादात सर आपोआप उजवा तळवा पसरतात. परवा एका सरांनी हात चोळले आणि उरलेलं सवयीने डोक्यालाही लावलं.