येथे नागरिक घडवून मिळतील

सप्टेंबर २०२० मध्ये इंग्लंडच्या शिक्षण खात्याने शाळांना तंबी दिली, की टोकाची राजकीय भूमिका घेणाऱ्या संस्थांचं साहित्य वर्गात आणू नका. टोकाची म्हणजे कुठली? तर लोकशाही, भांडवलशाही किंवा खुल्या निवडणुका मोडीत काढायची जाहीर इच्छा असणाऱ्यांची. मतपेटी आणि तिजोरी एकाच ओळीत, दोघींना एकच कुलूप. समाजवादी बर्नार्ड शॉ आज हयात असते, तर स्वतःची पुस्तकं काखोटीला मारून शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहिले असते.

तसा त्या देशात नागरिकशास्त्राचा मान मोठा. बर्नार्ड क्रिक यांच्या समितीने १९९८ मध्ये अहवाल दिला आणि २००२ पासून इंग्लंडच्या माध्यमिक शाळांत हा विषय सक्तीचा झाला. पुढे बहुतेक माध्यमिक शाळा ‘अकॅडमी’ झाल्या. म्हणजे पैसा सरकारचा, कारभार ट्रस्टचा आणि राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या बंधनातून सुटका. विषय सक्तीचाच राहिला, फक्त सक्ती तेवढी गेली.

जगाची गरिबी शिकवण्याचं असंच झालं. १९९७ मध्ये क्लेअर शॉर्ट बाईंच्या नव्याकोऱ्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याने ठरवलं, की ब्रिटिश पोरांना गरिबीची कारणं कळली पाहिजेत. २०१० मध्ये सरकार बदललं. त्या खात्याचे नवे मंत्री अँड्र्यू मिचेल यांनी आल्या आल्या लंडनच्या हॅकनी भागातल्या ब्राझिली धाटणीच्या नाच-ताशा पथकाचं या शिक्षणासाठीचं अनुदान बंद केलं. करदात्याला पैशाचा मोबदला काय, हा त्यांचा सवाल. सवाल रास्तच. पण त्या दिवसापासून गरिबी कळली का, यापेक्षा पौंडामागे किती कळली, याला भाव आला. २०१३ मध्ये शाळांसाठी ‘ग्लोबल लर्निंग प्रोग्राम’ निघाला, तेव्हा इंग्लंडचं काम मिळालेल्या गटाचं म्होरकेपण पीअर्सनकडे होतं. पाठ्यपुस्तकं आणि परीक्षा विकणारी ही कंपनी. गरिबीविरोधात काम करणारी ऑक्सफॅम त्याच गटात, पण मागच्या बाकावर. शाळांना प्रशिक्षण ‘खरेदी’ करायला ई-क्रेडिट मिळत. गरिबी शिकायची, तीही कुपनावर.

ब्रिटिश शाळांत एक जुना खेळ आहे, ‘क्रिश्चन एड’ या संस्थेने रचलेला. पोरांचे गट पाडायचे. प्रत्येक गट म्हणजे कोलकात्याच्या वस्तीतलं एक कुटुंब. रद्दी कापायची, खळ लावायची, कागदी पिशव्या चिकटवायच्या आणि दुकानदार झालेल्या मास्तरांना विकायच्या. आलेल्या पैशात जेवण आणि भाडं भागवायचं. मास्तर वाकड्या पिशव्या परत करतात, पोरांचे हात खळीने बरबटतात, हिशेब काही जुळत नाही. खेळ उत्तम आहे. घोडं अडतं ते घंटेपाशी. मागच्या वेळेपेक्षा चार पिशव्या जास्त झाल्या, म्हणून जिंकलेला गट नाचतो. चिकाटी, टीमवर्क, उद्योजकता, सगळे रकाने भरले जातात. पिशवीचा भाव दुकानदारच का ठरवतो, हे विचारायला तास शिल्लक नसतो. आणि रकानाही नसतो.

वर्गाबाहेर आलात, की नागरिकत्व गल्ल्यावर मिळतं. ‘कॉमिक रिलीफ’ या धर्मादाय संस्थेचं लाल नाक घ्या, लावा, माणुसकी झाली. २००५ मध्ये ‘मेक पॉव्हर्टी हिस्टरी’ची चळवळ उभी राहिली. जुलैत एडिंबरात दोन लाखांहून जास्त माणसं रस्त्यावर उतरली. न्याय्य व्यापार, कर्जमाफी, अधिक आणि चांगली मदत या त्यांच्या मागण्या होत्या. चांगल्या खणखणीत राजकीय मागण्या! पण लोकांच्या लक्षात राहिला तो चळवळीचा पांढरा मनगटी पट्टा. त्यातले काही पट्टे चीनमधल्या ज्या कारखान्यांत बनले, तिथे कामगारांचे हक्क पायदळी तुडवले जातात, असं त्याच वर्षी उघडकीला आलं. गरिबीला इतिहासजमा करायचं, पण ऑर्डर पुरी झाल्यावर.

पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी तर नागरिकांचा कारखानाच काढला. २०११ मध्ये दोन योजनांची चाचणी सुरू झाली. परदेशी जाणाऱ्यांसाठी ‘इंटरनॅशनल सिटिझन सर्व्हिस’. १८ ते २५ वयाच्या पोरांनी आधी निधी जमवायचा, मग दहा-बारा आठवडे गरीब देशात सेवा करायची. गावाला काय मिळालं, यावर वाद घालता येईल. बायोडेटाला काय मिळालं, यावर वाद नाही. घरी राहणाऱ्यांसाठी ‘नॅशनल सिटिझन सर्व्हिस’. कंत्राटं निघाली, लक्ष्यं ठरली. २०१६ चा खर्च संसदेच्या लोकलेखा समितीने तपासला, तेव्हा दरडोई १,८६३ पौंड निघाले. शिवाय न भरलेल्या जागांपोटी ठेकेदारांना सुमारे एक कोटी पौंड गेलेले, ते परत आलेच नाहीत. रिकाम्या खुर्चीला नागरिक बनवण्याचा हा विक्रम असावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये लेबर सरकारने दुकान बंद करत असल्याचं जाहीर केलं.

आता लंडनमधल्या मराठी घरांकडे वळू. हॅरोत राहणाऱ्या आपल्या मंडळींना नागरिकशास्त्र शाळेत नाही, तिशी-चाळिशीत भेटतं. ‘लाइफ इन द यूके’ परीक्षेत २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर आले की पास, फी ५० पौंड. आठव्या हेन्रीच्या बायका पाठ करून झाल्या, की नागरिकत्वाची खरी फी पुढे. नागरिक म्हणून पोरांच्या नोंदणीची तर कथाच झाली. गृहखातं एका मुलामागे १,०१२ पौंड घेत होतं, कामाचा खर्च त्यांच्याच हिशेबाने ३७२. ही फी ठरवताना मुलांच्या हिताचा विचारच केला नाही, असं उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये सुनावलं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की खर्चापेक्षा जास्त घेण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. ऐपत नसलेल्या मुलांना पुढे फीमाफी मिळाली. बाकीच्यांकडून जो वरकड जमतो त्याला आपल्या बाजारात नफा म्हणतात, तिकडे धोरण म्हणत असावेत.

‘बाजाराने शिक्षण बिघडवलं’ हे रडगाणं नको. बाजार बिचारा विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो: किती, कधी, कुठे पोचवायचं. त्याला ‘का’ हा प्रश्न तेवढा परवडत नाही, कारण त्याचं बिल फाडता येत नाही. आणि नागरिक तर त्या एकाच प्रश्नापासून सुरू होतो.

पुण्या-मुंबईत बसून हसू मात्र नका. लंडनच्या कित्येक शाळांवर गालिचे विकून लॉर्ड झालेल्या हॅरिस यांचं नाव झळकतं. आपण कसे मागे राहणार? सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘दत्तक शाळा योजना’ काढली आणि दरपत्रकही सोबत दिलं. ग्रामीण भागात पाच वर्षांसाठी ५० लाख, दहा वर्षांसाठी एक कोटी. मोठ्या महापालिकांत दोन आणि तीन कोटी. देणगीदाराला हवं असेल तर शाळेच्या नावाला त्याचं नाव जोडून मिळेल.

तेव्हा नागरिकशास्त्राच्या पेपरात एक प्रश्न घालायला हरकत नाही: तुमच्या शाळेला कोणाचे नाव आहे आणि का? ‘कोणाचे’ला एक गुण. ‘का’ अभ्यासक्रमाबाहेर.