हूमकाका

हूमकाका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. ठाण्यात असतात, डोंबिवलीत असतात, कोथरूडमध्ये तर विंगवार असतात. वय सत्तरीच्या आसपास, नोकरी बँकेत, विमा कंपनीत किंवा शाळेत झालेली, आणि शर्टाच्या खिशाला लाल रिफिलचं पेन. लिफ्टशेजारच्या सूचनाफलकापुढे एखादे गृहस्थ नाक काचेला टेकवून उभे दिसले, तर ते पाण्याची वेळ वाचत नाहीयेत, हे ओळखावं. ते ‘हू’ कुठे चुकलाय ते शोधत असतात.

इंग्रजीची बाकीची पडझड त्यांना चालते. स्पेलिंग चुकलं तर ‘टायपिंग असेल’ म्हणून सोडून देतात. पण संबंधी सर्वनाम चुकलं की संपलं. माणसाला हू, वस्तूला विच, माणूस कर्माच्या जागी गेला की हूम. दॅट हा त्यांच्या दृष्टीने भाडेकरू. त्याला मालकाच्या खोलीत बसवायचं नाही. मध्यंतरी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी घाईघाईत लिहिलं, ‘द पर्सन दॅट फाउंड माय कीज, प्लीज कॉल.’ मिनिटाच्या आत काकांचं उत्तर हजर: ‘दॅट नव्हे, हू. माणूस आहे तो.’ वहिनींनी आशेने विचारलं, ‘काका, म्हणजे किल्ल्या तुम्हाला सापडल्या का?’ त्यावर काका गप्प. किल्ल्या वॉचमनकडे होत्या. आणि माणसाला दॅट लावणारे लोक इंग्रजीत कवी चॉसरच्याही आधीपासून आहेत, पण हे काकांना कोण सांगणार?

ब्रूनोचं प्रकरण याहून नाजूक. ब्रूनो हा तळमजल्यावरचा लॅब्रॅडॉर. त्याच्या वाढदिवसाच्या आमंत्रणात मालकीणबाईंनी ‘अवर ब्रूनो, हू इज टर्निंग थ्री’ असं लिहिलं होतं. काकांनी लाल पेनाने हू खोडून विच केलं आणि आमंत्रण सभ्यपणे परत दाराखालून सरकवलं. बाई तडक वर आल्या. ‘तुम्ही आमच्या ब्रूनोला वस्तू म्हणालात?’ काका म्हणाले, ‘मी नाही, व्याकरण म्हणतं.’ खरं तर व्याकरणही तसं म्हणत नाही. अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची शैलीपुस्तिका नाव असलेल्या प्राण्याला बिनदिक्कत हू देते. ब्रूनोला नाव आहे, आधारकार्ड तेवढं नाही.

हा माणूस असा का होतो, याचं उत्तर त्यांच्या शाळेत आहे. मराठी माध्यम, गल्लीत कुणी इंग्रजी बोलत नाही, घरात तर्खडकरांची जीर्ण भाषांतर पाठमाला आणि पुढे कुणाकडून तरी मिळालेलं रेन आणि मार्टिनचं इंग्रजी व्याकरण. बोलायची सोय नव्हती, पण परीक्षेत ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’ हा प्रश्न हमखास असे. दोन वाक्यं द्यायची, हू किंवा विच घालून जोडायची, मार्क घ्यायचा. तिथेच मराठी मुलाचा पाय हमखास घसरायचा. आपल्याकडे म्हणतात, ‘जो तिथे उभा आहे तो माझा भाऊ.’ ‘जो’ आला की ‘तो’ आलाच पाहिजे. म्हणून मुलं लिहीत, ‘द बॉय हू इज स्टँडिंग देअर, ही इज माय ब्रदर.’ त्या जास्तीच्या ‘ही’पायी पिढ्यान्‌पिढ्या छड्या खाल्ल्या गेल्या. काकांनीही खाल्ल्या असणार. ज्या नियमासाठी हातावर वळ उठले, तो पुढे कुणी फुकटात मोडलेला माणसाला बघवत नाही.

गंमत अशी की, हू, विच आणि दॅटचं हे भांडण लावणाऱ्यांचंही आपसात कधी जमलं नाही. 1711 साली निबंधकार रिचर्ड स्टीलने ‘स्पेक्टेटर’ या इंग्रजी नियतकालिकात हू आणि विच या दोघांचा विनंतीअर्ज छापला होता. त्यांची तक्रार काय, तर दॅट नावाच्या उपटसुंभाने आमची जागा बळकावली. पुढे 1926 साली कोशकार फाउलरने आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात दॅटचीच बाजू घेतली. ज्या उपवाक्याशिवाय अर्थच पुरा होत नाही तिथे दॅट वापरा आणि नुसती जोडमाहिती असेल तिथे विच, असं त्याने सुचवलं. त्याच दमात, बहुतेक लेखक किंवा चांगले लेखक असं लिहितात असा आव आणण्यात अर्थ नाही, हेही त्याने कबूल करून टाकलं. अमेरिकन संपादकांनी सूचना तेवढी उचलली आणि कबुली मागे ठेवली. आज मायक्रोसॉफ्ट वर्ड स्वल्पविरामाशिवायच्या विचखाली रेघ ओढतं, त्याचं मूळ इथे. काकांना ती रेघ फार आवडते. संगणकाला थोडी तरी अक्कल आहे, म्हणतात.

आता काकांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर अन्याय होईल.

आमचा सेक्रेटरी तरुण, आयटीतला, सगळं फोनवर उरकणारा. त्याने नोटीस लावली: ‘द मेंबर्स, हू हॅव नॉट पेड द मेंटेनन्स, विल नॉट गेट पार्किंग स्टिकर्स.’ काकांनी हूला हातसुद्धा लावला नाही. त्यांनी दोन स्वल्पविरामांभोवती दोन लाल गोल काढले आणि सेक्रेटरीला बोलावून घेतलं.

‘याचा अर्थ काय होतो, माहीत आहे?’

‘ज्यांनी पैसे भरले नाहीत त्यांना स्टिकर नाही. सिंपल आहे, काका.’

‘तसं तुझ्या मनात आहे. तू लिहिलंयस की सभासदांना स्टिकर मिळणार नाहीत, आणि जाता जाता कळवलंयस की एकाही सभासदाने पैसे भरलेले नाहीत. मी वर्षाचे आगाऊ भरतो.’

‘लोकांना कळतं हो.’

लोकांना कळलं, आणि नेमकं नको त्याला कळलं. सोसायटीतल्या सर्वांत जुन्या थकबाकीदाराने वार्षिक सभेत तीच नोटीस फडकावली. तो वकिलाकडे कारकून होता. ‘इथे सगळ्यांनाच थकबाकीदार म्हटलंय,’ तो म्हणाला, ‘मग स्टिकर अडवायचा तर सगळ्यांचा अडवा, माझ्या एकट्याचा का?’ पाऊण तास सभा त्या दोन स्वल्पविरामांवर अडून राहिली. चहा आला, गार झाला. काका मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. इतकं तृप्त मी त्यांना नातवाच्या मुंजीतही पाहिलं नव्हतं.

सभेने एकमताने ठरवलं की यापुढे इंग्रजी मसुदे काकांनी करायचे. इथून त्यांचे वाईट दिवस सुरू झाले. गच्चीवर पाण्याची टाकी फुटली, तेव्हा पहिल्याच नोटिशीत त्यांनी लिहिलं, ‘द मेंबर हूम द कमिटी बिलीव्ज इज रिस्पॉन्सिबल’. भारदस्त वाक्य. पहिल्या मजल्यावरची दहावीतली मुलगी फलकापाशी थांबली आणि म्हणाली, ‘काका, इथे हू हवं ना? “द कमिटी बिलीव्ज” एवढं झाकून वाचा. “हूम इज रिस्पॉन्सिबल” कसं होईल?’

काकांनी तळहाताने तेवढे शब्द झाकले. वाचलं. पुन्हा वाचलं. मग काही न बोलता लिफ्ट सोडून जिन्याने वर गेले.

दोन दिवस ते ग्रुपवर आले नाहीत. लोकांनी दोन दिवसांत वाटेल तसे हू, दॅट आणि विच वापरून घेतले. तिसऱ्या दिवशी संदेश आला: शेक्सपिअरने ‘किंग जॉन’ या नाटकात, मारला गेल्याची बोलवा असलेल्या आर्थरबद्दल बोलताना नेमका असाच हूम वापरला आहे, सबब प्रस्तुत प्रयोगाला थोर आधार आहे. माहिती शंभर टक्के खरी होती. पण किल्ल्या हरवलेल्या वहिनींच्या वेळी हा शेक्सपिअर कुठे गेला होता, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. हूमकाकांच्या जातीची ही खूण आहे: दुसरा चुकला की रेन आणि मार्टिन, आपण चुकलो की शेक्सपिअर.

माझं मत विचाराल तर हूमची काळजी करण्याचं कारण नाही. बोलण्यातून तो गेलाच आहे. हेमिंग्वेच्या कादंबरीच्या नावात आणि टू किंवा फॉरसारख्या अव्ययांच्या मागे तेवढा टिकून आहे. दॅट की विच यावर तर इंग्रजांनीच तीनशे वर्षं घातली. खरा अर्थ बदलतो तो त्या दोन स्वल्पविरामांनी, आणि नेमके ते आपण चटणी-कोशिंबिरीसारखे वाढत सुटतो.

तेव्हा तुमच्या इमारतीत हूमकाका असतील तर नोटीस लावण्याआधी एकदा त्यांच्या नजरेखालून घाला. स्वल्पविराम ते सांगतील तिथे ठेवा, काढ म्हणतील तिथला काढा. मसुदा मात्र त्यांना करायला देऊ नका. आणि नोटीस मराठीत असली तरी दाखवाच, नाहीतर ते फलकावरच दुरुस्त करतील.