चाळणीकाका

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर आमची सोसायटी आहे. तिच्या गच्चीवर रविवारी सकाळी चपला घालून चढू नये. चाळणीकाका ओरडतात. तिथे खत वाळत घातलेलं असतं.

काका ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले. नोकरी इन्स्पेक्शनची. आयुष्यभर हातात गो नो-गो गेज. माल ‘गो’त गेला आणि ‘नो-गो’त अडला तर पास, नाही तर बाजूला. निवृत्तीनंतर माणसाला बाजूला काढायला काहीतरी हवं असतं. काकांना शेण सापडलं.

त्याचं असं झालं, की काकूंनी कुंडीतल्या जास्वंदीसाठी तबेल्यातून घमेलंभर शेणखत मागवलं. पोऱ्याने पाटी उतरवली आणि काकांनी विचारलं, "टेस्ट सर्टिफिकेट?" पोऱ्या म्हणाला, "म्हशीचं आहे, साहेब." आता म्हैस हा मूळ उत्पादक खरा, पण तिची सही कुठे होती? पाटी परत गेली.

त्या आठवड्यात काकांनी खत नियंत्रण आदेश, 1985 मिळवला आणि त्याची अनुसूची चार पाठ केली. सेंद्रिय खतांचे निकष तिच्यात आहेत. शहरी कंपोस्टात ओलावा वजनाने 15 ते 25 टक्के, सामू साडेसहा ते साडेसात, शिसं किलोमागे 100 मिलिग्रॅमच्या आत, कॅडमियम 5 च्या आत, पारा 0.15. आणि निदान 90 टक्के माल 4 मिलिमीटरच्या चाळणीतून पडलाच पाहिजे. शेवटचं वाक्य वाचताना काकांचा आवाज घोगरा होतो.

मग गच्चीवर दोन पिंपं आली. तबेल्याचं शेण, घरचा ओला कचरा, देवळातलं बेलाचं निर्माल्य. ढिगात थर्मामीटर खुपसून काका 55 अंशांची वाट बघत बसतात. ढीग तेवढा तापून काही दिवस तसाच राहिला तरच त्यातले रोगजंतू आणि तणाचं बी मरतं, हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. ताजं शेण कुंडीत घालणाऱ्यांकडे ते ज्या नजरेने बघतात तीही मला पटते. फक्त थर्मामीटर कोणता, हे काकूंना अजून कळलेलं नाही आणि मी सांगणार नाही.

ओलाव्याची चाचणी पोळ्यांच्या तव्यावर व्हायची. ती काकूंनी बंद पाडली. शिसं-कॅडमियम घरी मोजता येत नाही, याचं काकांना मनापासून दुःख आहे. वालधुनी नदी जवळ, कारखाने जवळ, त्यामुळे कुठलीही माती दिसली की ते चष्मा वर करून "यात काय काय असेल" असं पुटपुटतात. त्यांनी बिनतक्रार पास केलेली परिसरातली वस्तू एकच, ती म्हणजे देऊळ. "शके 982. म्हणजे 1060 साल. दगड पाहा. मुम्मुणी राजाचा इन्स्पेक्टर खमक्या असणार."

खरा घोळ वासाचा. आदेशात लिहिलंय, दुर्गंधी नसावी. पण त्याला गेज नाही, आकडा नाही, नाकच लागतं. काकांना स्वतःच्या नाकावर भरवसा नाही. उत्पादकाने स्वतःच तपासणी करायची नसते. म्हणून दर लॉटला तीन तटस्थ नाकं बोलावली जातात. मी त्यांतला एक. दुसरे तळमजल्यावरचे सिंधी अंकल, ते मूळचे उल्हासनगरचे. तिसरा पेपरवाला, कारण तो सापडतो. डबी नाकाखाली येते. काका पेन सरसावतात. "बोला!" अंकल प्रत्येक वेळी "फर्स्ट क्लास" म्हणतात; त्यांचा शेरा धरायचा नाही असं ठरलंय. मी एकदा "पावसाळी" म्हटलं, तर असा रकाना नाही म्हणून पुन्हा हुंगायला लावलं.

"काका, हा कायदा खत विकणाऱ्यांसाठी आहे हो. तुमच्या कुंडीला कोण विचारतंय?"

"देवाला फुलं वाहतो ती विकतो का? मग किडकी वाहायची?"

यावर काय बोलणार!

गेल्या महिन्यात एक लॉट चाळणीत अडला. 90 पाहिजे होते, 88 टक्केच पडला. खत काळंभोर, भुसभुशीत. मातीच्या वासाचं, असं शेरा धरायच्या दोन्ही नाकांनी एकमताने सांगितलेलं. काकूंनी दोन टक्क्यांसाठी रदबदली केली. काकांनी डावीकडच्या पिंपावर लाल खडूने "नापास" लिहिलं आणि झाकण लावलं.

चार दिवसांत पिंप निम्मं झालं. सोसायटीतले मोगरे एकाएकी तरारले होते, तेव्हा चोर कोण ते विचारायची गरज नव्हती. काका संतापले, पण चोरीसाठी नाही. नापास माल गेटपासशिवाय बाहेर गेला होता! संध्याकाळी गच्चीच्या दारावर सूचना लागली : "खत चोरणाऱ्यांनी नापास माल वापरू नये. पास माल उजवीकडच्या पिंपात आहे."

सकाळी उजवं पिंप तळापर्यंत खरवडलेलं. मी सांत्वनाला वर गेलो, तर काका शीळ घालत चाळणी धूत होते.

"बघा," ते म्हणाले, "लोक सूचना वाचतात!"